डाव्या बाजूचं कुंकू

रथ हलला तेव्हा चिंचेखाली दोनशे माणसं दाटीवाटीनं उभी होती. मग कोणीतरी ओरडलं, "पावला रं, पावला!" आणि जो तो समोरच्याच्या पाठीवर डोकं टेकवून नमस्कार करू लागला, कारण जमिनीवर वाकायला जागाच नव्हती.

कमरेएवढा उंच लाकडी रथ. वर फडकं अंथरलेलं, त्यावर पितळी मुखवटा. ओढायला ना बैल, ना माणूस. दहा पावलांवर हरणाच्या कातड्यावर बाबा डोळे मिटून बसलेले. रथापासून त्यांच्या आसनापर्यंत झेंडूची जाडजूड माळ जमिनीवर पसरलेली. बाबा म्हणाले, "चल!" आणि रथ दोन हात पुढे आला, गचका खाऊन थांबला.

"रथ हलला म्हंजी काळ हलला!" बाबा गरजले. "ब्रह्मदेश काय, शिंगापूर काय, सिद्धाला समदं तळहातावर! तारखात्याला लागत्यात म्हैनं, मला लागतंय निमिष!"

हे ऐकायला गावचा पोस्टमनही हात जोडून उभा होता.

ही रहिमतपूरची गोष्ट. १९४५चा दसरा नुकताच झाला होता. लढाई संपली होती, पण आमच्याकडची कितीतरी माणसं परतली नव्हती. आमचे हेही त्यांतलेच. 'बेपत्ता' एवढा एकच शब्द सरकारी कागदात आला, त्याला दीड वर्ष झालं होतं. मी तेव्हा वीस वर्षांची. रडणं केव्हाच संपलं होतं. भाकरी थापायची, पाणी भरायचं, सांजवात लावायची. कोणी विचारलं, "काय कळलं का गं?" तर "न्हाई" म्हणायचं. बास.

बाबांच्या रथाची रीत अशी. शुक्रवारी दुपारी जायचं. आईनं मुलासाठी कुंकवाची चिमूट मुखवट्याच्या उजव्या हाताला, फडक्यावर ठेवायची. बायकोनं नवऱ्यासाठी डाव्या हाताला, कारण बायकोची जागा डावी. रथ हलायचा. मग लांबलचक आरती. आरतीनंतर कुंकू लाल राहिलं तर माणूस जिवंत. पिवळं पडलं तर गेला.

आमच्या शेजारच्या रंगूबाईचं पिवळं पडलं. ती माणदेशातल्या मेंढक्यांची; तिचा नवरा बिराप्पाही लढाईवरून परतला नव्हता. आधी ती हरखलीच. म्हणाली, "आवं, भंडारा झाला! बिरोबा पावला!" बाबांनी मान हलवली. "पोरी, भंडारा न्हवं त्यो. तुजा बिराप्पा गेला." रंगूबाईनं तिथंच दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. तो आवाज मला अजून येतो.

पुढच्या शुक्रवारी माझ्या सासूबाई, बनुबाई, मला घेऊन गेल्या. त्यांनी उजवीकडे चिमूट ठेवली, मी डावीकडे. कुंकू एकाच करंड्यातलं. आरती संपली. त्यांचं लाल. माझं पिवळं.

एकाच माणसाबद्दल एकाच वेळी दोन उत्तरं! गर्दीत चुळबुळ झाली. पण असल्या लोकांची जीभ कधी अडत नाही. "बघा, बघा खेळ कर्माचा! आईचं पुण्य ल्येकाला वडतंय, बायकूचं पाप त्येला मागं खेचतंय. मधीच लटाकलाय बिचारा! सुनेच्या कुंकवात जीव आडाकलाय त्येचा. फुडच्या शुक्रवारी हितं यून तिनं कुंकू पुसावं, बांगड्या फोडाव्या. म्हैन्यात ल्योक दारात!"

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्यापुढे पदर पसरला. "अंजना, मी तुज्या पाया पडती. माज्या सयाजीला मोकळा कर."

मला राग आला नाही. दुःखही झालं नाही. मी नुसती त्यांच्या पसरलेल्या पदराकडे बघत बसले. एवढ्यानं ते परत येत असतील तर पुसायला काय हरकत आहे, असंही वाटलं. आणि ते नाही आले तर? मग मी माझ्या हातानं त्यांना मारल्यासारखं होईल का? दोन्ही विचार आले आणि गेले. मी उठून भांडी घासली.

आता माझे धाकटे दीर, नाथाजी, यांच्याबद्दल सांगायला हवं. तेही लष्करात होते, पण मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात. उन्हाळ्यात सुटून आले आणि त्यांनी गोठ्यात एक जुनी मोडकी मोटार आणून टाकली. सांगलीजवळ विश्रामबागेच्या माळावर हौशी मोटारवाल्यांची शर्यत व्हायची होती, त्यात उतरायचं म्हणून गाडी हलकी करायला घेतली. दारं काढली, मागची बैठक काढली, वरचा टप काढला. सासूबाई म्हणाल्या, "आता चाकं बी काढ, म्हंजी लय हलकी हुईल."

काढलेली प्रत्येक वस्तू ते हळदीच्या काट्यावर तोलून भिंतीवर कोळशानं वजन लिहीत. मोटारीची नेहमीची बॅटरी भरली बावीस शेर. मग पुण्याला लष्करी भंगारातून विमानातल्या दोन बॅटऱ्या घेऊन आले. त्या बारा-बारा शेरांच्या. एक धड होती. दुसरीचं तोंड चिरलेलं, एक बूच नाहीसं.

"ही बी चालती, पर हिसका बसला की वकती," म्हणून ती त्यांनी बाजूला टाकली. धड होती ती बसवली. मी कंदिलाची काच पुसत बघत होते. तळाशी, डाव्या बाजूला फळ्यांचा खोका. खाली जुन्या घोंगडीची चौघडी. वरून चामड्याचा पट्टा. बॅटरीची वाफ बाहेर जायला रबराची नळी.

"भावजी, डावीकडंच का?"

"वैनी, मी बसणार उजवीकडं. माजं वजन हिकडं, हिचं तिकडं. तळाला असली की वळणावर गाडी कलांडत न्हाई."

"आन् घोंगडी कशाला? सुती फडकं घाला की."

"सुती? आठ दिसांत चाळण हुईल! हिच्यातलं तेजाब सुताला खातंय, लोकरीच्या वाट्याला सहसा जात न्हाई."

ते खरंच होतं. त्यांच्या विजारी मीच धुवत होते. मांडीवर बारीक बारीक भोकं, कडा ठिसूळ. बोट लावलं की धागा गळायचा.

त्या दिवशी गोठ्याच्या दारात गुंडा नावाचा एक माणूस हे सगळं बघत उभा होता. "रेडिओला पायजे हुती" म्हणून टाकलेली बॅटरी तो मागून घेऊन गेला. पुढे तो बाबांचा शिष्य म्हणून रथाजवळ दिसायला लागला. त्याचा नि याचा संबंध कोणी लावला नाही. मीही नाही.

सासूबाईंनी पदर पसरला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भावजींची विजार पिळत होते. भोकात बोट अडकलं आणि मला रथावरचं फडकं आठवलं. मुखवट्याच्या डाव्या हाताला त्याला अशीच भोकं होती. बाबा म्हणायचे, देवाच्या तेजानं जळतंय. उजव्या बाजूला मात्र एकही नव्हतं. देवाचं तेज एकाच बाजूला कसं?

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीत चुन्याची निवळी घालून कुंकू करायचे. त्या परातींजवळ आंबट काही न्यायची सक्त बंदी. लहानपणी मी एकदा लिंबाची फोड चोखत तिथं गेले. रस सांडला तिथं कुंकवाची पुन्हा हळद झाली. वडिलांनी पाठीत धपाटा घातला होता. तो धपाटा मला तेरा वर्षांनी पुन्हा बसला.

मी गोठ्यात गेले. "भावजी, बॅटरीतलं तेजाब थेंबभर काडीवर घेऊन द्या."

करंड्यातलं कुंकू फरशीवर टाकलं, काडी टेकवली. लाल होतं तिथं पिवळं झालं. भावजींनी काडी फेकली. मग म्हणाले, "गुंडाच्या आयला..." आणि वहिनीसमोर बोललो म्हणून जीभ चावली.

शुक्रवारी गर्दी दुप्पट होती. माझं कुंकू पुसलेलं बघायला लोक गाड्या जोडून आले होते. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. बाबा म्हणाले, "ये पोरी, पूस."

"पुसते," मी म्हटलं, "पर आधी एक इच्यारते." माझा आवाज मलाच परका वाटला, सपाट. मी डावीकडे चिमूट ठेवली. "माज्या धाकट्या दिराचं सांगा. नाथाजीचं. त्यो हाय का गेला?"

"दिराचं कुटं डावीकडं..." बाबा गडबडले. पण लोक ओरडले, "बघू द्या की! हलवा रथ!"

रथ हलला. आरती झाली. कुंकू पिवळं.

गर्दीतून नाथाजी पुढे आले. "म्हंजी मी मेलो म्हणा की! आन् सकाळी चार भाकरी खाल्ल्या त्या कुनी?"

आधी एक बाई हसली, मग सगळी चिंच हसली. बाबा उठायला गेले, तर भावजींनी झेंडूची माळ उचलून ताणली. फुलं गळाली, आतली तार उघडी पडली. कातडं उलटलं. खाली पत्र्याचे दोन तुकडे; टाच दाबली की चिकटायचे आणि तारेतून वीज जायची. मग त्यांनी रथावरचं फडकं काढलं. आत विमानातलीच एक लहान विजेची मोटर, आणि डाव्या बाजूला आमच्या गोठ्यातली, तोंड चिरलेली बॅटरी.

"ना घोंगडी, ना पट्टा, ना नळी," भावजी म्हणाले. बाबाच्या लबाडीपेक्षा या कामचुकारपणाचाच त्यांना जास्त राग आला असावा. "गुंडा, लेका, डावीकडं का बसवलीस?"

"तुमीच बसवली हुती की डावीकडं," गुंडा रडकुंडीला येऊन म्हणाला. "मला वाटलं, तिकडंच बसवत्यात."

मग त्यानं सगळं ओकलं. रथ हलवायचा एवढाच त्यांचा बेत होता. पण प्रत्येक गचक्याला बॅटरीतलं तेजाब फडक्यावर उडायचं. पहिल्यांदा कुंकू पिवळं पडलं तेव्हा बाबाचीच बोबडी वळली होती. आठवडाभरात मात्र त्यानं नियम काढला: बायका डावीकडे. आया खूश होऊन जात, बायका घाबरून उपाय विचारायला पुन्हा पुन्हा येत.

लोकांनी बाबाला गावाबाहेर काढलं. सासूबाई माझा दंड तसाच धरून घरी आल्या. उंबऱ्यात थांबून त्यांनी माझा दंड सोडला. त्यावर त्यांची चारही बोटं उमटली होती.

शर्यतीत भावजींचा तिसरा नंबर आला. बॅटरी जागची हलली नव्हती, याचाच त्यांना आनंद. त्याच सुमारास बिराप्पा कैदेतून सुटून आला, हाडांचा सापळा होऊन. रंगूबाई त्याला बघून आधी घरात पळाली. तिला भूत वाटलं. मग कासार बोलावून दोन्ही हात भरून चुडा भरला. जिवंत नवऱ्याची विधवा म्हणून तिनं चार महिने काढले होते. त्यांचा हिशेब कुणी मागायचा, आणि कुणाकडे?

पुढच्या ऑगस्टात आमचा कागद आला. हे १९४४च्या मार्चातच ब्रह्मदेशात एका नदीकाठी गेले होते.

गावात कुजबुज झाली, "बाबाचं खरंच निघालं की रं!" सासूबाईंनीही एकदा चुलीपाशी विचारलं, "अंजना, त्येचं खरं व्हतं का गं?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमचं उजवीकडचं लाल व्हतं. मग ते बी खरं धरायचं का?"

त्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग पुन्हा कधी विचारलं नाही.

कागद वाचल्यावर मी कुंकू पुसलं. तेव्हाची रीत होती. आजची गोष्ट असती तर मी त्या रीतीलाही रथावरच्या फडक्यासारखं उलटून पाहिलं असतं.

लबाडाचं एखादं बोलणं खरं निघतं, तेव्हाच जास्त जपायचं. 'माहीत नाही' हा शब्द गिळायला फार जड असतो. मी तो अडीच वर्षं गिळला. पण त्या जागी दुसऱ्याचं खोटं उत्तर घेऊ नका. देव हलला, असं कोणी म्हणालं तर नमस्काराला वाका, हवं तर. पण वाकलाच आहात, तर खाली काय बसवलंय तेही बघून घ्या.