गिरिधरची दुहेरी कापडाची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. पावसापेक्षा ऊनच मी जास्त झेलले, आणि तेही एकाच माणसासाठी.

त्याचे नाव गिरिधर. जन्मापासूनच त्याचे केस, भुवया, कातडी सगळे पांढरे. अंगात रंग तयारच होत नव्हता. नागपूरच्या उन्हात घटकाभर उभा राहिला, तरी लालबुंद होई. म्हणून त्याच्या आईने, रुखमाबाईंनी, जवळच्या खापा गावातल्या कारागिराकडून मला दुहेरी कापड लावून घेतले. शाळेत मुले हसत, तरी तो मला घेतल्याशिवाय निघत नसे. मोठेपणी त्याने बेसा भागात रोपवाटिका काढली. गिऱ्हाइके म्हणत, "छत्रीवाले भाऊ आले!" मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग रुखमाबाईंची हाडे दुखू लागली. दिवसभर फ्लॅटमध्ये बसून त्यांच्या अंगातले ड जीवनसत्त्व फार कमी झाले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि थंडीत रोज थोडा वेळ उन्हात बसायला सांगितले. त्यांना एकटे बसायचा कंटाळा. गिरिधर त्यांच्यासोबत गच्चीवर बसू लागला.

"छत्री घे नं गा," त्या म्हणाल्या.

"आई, तुले ऊन औषध, तं मले काहून जहर? माझीही हाडं मजबूत होतील."

त्या हसल्या. मग तो मला रोपवाटिकेतही नेईना; मी दाराआड खुंटीवर धूळ खात राहिले.

संक्रांतीला धाकटी बहीण कामिनी माहेरी आली. तिला गिरिधरच्या कानावर खपली दिसली.

"हे काय होय दादा?"

"दाढी करताना लागलं."

"कानाची दाढी करते का कोणी? अन् महिनाभरापासून व्हिडिओ कॉलवर कानाले पट्टी दिसते, तवाही हेच सांगून राहिला तू!"

तिने मला खुंटीवरून काढले, पदराने पुसले आणि त्याला थेट कातडीच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीत कर्करोग निघाला. लवकर सापडला म्हणून कानाचा थोडा भाग काढण्यावर भागले.

"मीच तुले उन्हात बसवलं," म्हणून रुखमाबाई रडू लागल्या.

डॉक्टर म्हणाले, "आई, हे एका थंडीचं नाही. लहानपणापासूनचं ऊन साचलं आहे. तुमच्या कातडीला रंगाचं संरक्षण आहे, त्याच्या कातडीला नाही. ड कमी पडलं, तर रक्त तपासून त्याला गोळी देऊ. उन्हात मात्र छत्री, लांब बाह्या आणि उन्हापासून वाचवणारं मलम हवंच."

मित्रांनो, एकच ऊन सगळ्यांना सारखे मानवत नाही. भरत नसलेली जखम लपवू नका, दाखवा. आणि तुमच्या घरात कुणाला माझी गरज असेल, तर मला खुंटीवर विसरू नका. माझे टाके उसवले, तर शिवून घ्या.

आता गच्चीवर दोन खुर्च्या असतात. एक उन्हात, एक माझ्या सावलीत. पण मला धरतात रुखमाबाई, आपला हात लांब करून.

"दे इकडं, तुझा हात दुखन," गिरिधर म्हणतो.

"राहू दे गा. माझा हात उन्हात राहते, तू सावलीत राहते. दोघायचंही काम होते."