गच्च बसलेली पिन

मिस्त्रीने माइकची पिन रेकॉर्डिंगच्या मशीनच्या पहिल्या भोकात घातली आणि हलवून बघितली. सैल. जरा ओढली तर हातातच आली. मग त्याने ती शेजारच्या भोकात दाबली. तिथे मात्र अशी गच्च बसली, की उपटायला नखं लागावीत. झालं काम! उभा जन्म नळ जोडण्यात गेलेल्या माणसाला याहून मोठी खात्री कुठली? हलत नाही तो जोड पक्का, हलतो तो आज ना उद्या गळणार.

बायकोने दवाखान्यातल्या पलंगावरून सगळं पढवून ठेवलं होतं. लाल दिवा लागला आणि पडद्यावरच्या रेघा नाचायला लागल्या, म्हणजे मशीन ऐकतंय.

"आणि तोंड बंद ठेवायचं. जमेल ना?"

"तुझ्याशी संसार केलाय. दुसरं शिकलो काय मी?"

ती खोकेपर्यंत हसली होती.

शिवणकाम करता करता तिला हा पक्ष्यांचा नाद लागला. परसातल्या झाडावर रोज सकाळी एक काळापांढरा पक्षी शेपटी उडवत गायचा. त्याला ती गवईबुवा म्हणायची. दवाखान्यात पडल्यापासून एकच धोसरा, बुवांचं गाणं आणा. म्हणून मिस्त्रीने तिचा तो केसाळ टोपीचा माइक पाइपाच्या तुकड्याला टेप गुंडाळून बांधला आणि पाइप फांद्यांच्या बेचक्यात उभा केला. वायर खाली आणली आणि मशीन मांडीवर घेऊन बसला. दिवा लागला. रेघा नाचल्या.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी मान वर केली.

"काय हो मिस्त्री, झाडाला नळ बसवताय की काय?"

"बसवतोय. तुम्हाला पण देतो एक जोडून."

"वहिनी कधी येतायत घरी?"

"येईल की. सूज उतरली, की सोडतायत."

काकू आत गेल्या. बुवा फांदीवर बसून पंख साफ करत होते, गायचं नाव नाही. मिस्त्रीने वर बघितलं. मशीनचा कान तिकडे फांदीत, आपण इथे बुंध्याशी. आपलं कोण ऐकतंय?

"गा की बाबा," तो म्हणाला. "भाव खाऊ नकोस. ती तिकडे कान लावून पडलीय. डॉक्टर मला बाहेर बोलावून सांगतो, आता औषधाच्या हातात काही राहिलं नाही. आणि मी आत जाऊन तिला सांगतो, सूज उतरली की घरी. ती म्हणते, आल्यावर मला झाडाखाली बसायला कट्टा बांधून द्या. मी हो म्हणतो. अरे, माप घेतलं मी त्याचं! तिला पलंगावर बसवून, तिच्याच टेपने. आता कुणासाठी बांधू? मला तर साधं दूध तापवलं तरी उतू जातं..."

तेवढ्यात बुवांनी गळा मोकळा केला. असे गायले, असे गायले, की मिस्त्रीचं पुढचं बोलणं, नाक ओढणं, सगळं त्या गाण्याखालीच चाललं. गाणं थांबल्यावर त्याने बाहीने तोंड पुसलं आणि मशीन बंद केलं.

दवाखान्यात त्याने मशीन वायरीसकट तिच्या हातात दिलं. तिने पिनेकडे जरा निरखून बघितलं.

"ही अशीच लावली होती?"

"तर! गच्च बसली बघ."

 पिन उपटून तिने त्याच भोकात आपल्या कानातली वायर लावली आणि डोळे मिटले. मिस्त्री स्टुलावर बसून तिचं तोंड बघत राहिला. आधी ती गालात हसली. चादरीची सुरकुती सारखी करता करता तिचा हात मध्येच थांबला.  मिटल्या पापणीतून पाणी कानाकडे ओघळलं, तेही तिने पुसलं नाही. बुवा रंगलेले दिसतात, मिस्त्रीला वाटलं.

तिने वायर काढली.

"गायला ना?" त्याने विचारलं.

"गायला. फार गोड गायला हो."

"बघ! आणि मला म्हणे जमणार नाही."

तिने चादरीवरची माइकची पिन उचलली आणि सैल भोकात घातली. टक्.

"ही इथे जाते."

"अगं, तिथे ती हलते."

"हलू दे. तिची जागा तीच. दुसरं भोक कानातल्या वायरीचं."

"मग एवढं सगळं आलं कुठनं?"

"मशीनच्या अंगालाच दोन बारीक कान असतात. बाहेरचा माइक नीट लागला नाही, की ते ऐकतात." तिने मशीनवरून बोट फिरवलं. "जवळचं जरा जास्तच ऐकतात."

मिस्त्री मशीनकडे बघत राहिला. मग आपल्या मांडीकडे. कानशिलं तापली. हात उगाच खिशात गेला, चिकट टेपची गुंडाळी चाचपून परत आला.

"पुसून टाक ते," तो म्हणाला. "उद्या दुसरं आणतो. बरोबर लावून."

"नको. राहू दे हेच."

"अगं, पण माझी काहीबाही बडबड असेल त्यात. मी एकटाच बसलो होतो, ते आपलं... काय बोललो मी?"

तिने मशीन उशीखाली सरकवलं. वळून त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या सदऱ्याला चिकटलेलं झाडाचं पान काढून टाकलं.

"नीट नाही आलं," ती म्हणाली. "वारा होता ना."

सकाळी परसात वाऱ्याचा लवलेश नव्हता.

"हो," मिस्त्री म्हणाला. "होता थोडा."