भागुजींची दुसरी बाटली

आळेफाट्याच्या आमच्या माती-पाणी प्रयोगशाळेत मागच्या खोलीत डोळ्यांना तीन यंत्रं दिसायची: एक सर्व्हर, पाणी तपासायच्या मीटरला जोडायचा चौदा वर्षांचा जुना संगणक आणि बॅकअपचा काळा डबा. कामाला मात्र पाच होती, कारण सर्व्हरच्या पोटात तीन आभासी संगणक चालायचे.

मी रुजू झाले तेव्हा फक्त त्या तीन आभासी संगणकांचा बॅकअप व्हायचा. जुन्या संगणकाची कोणालाच आठवण नव्हती. मी चौघांना एकाच वेळापत्रकात आणलं. रोज संध्याकाळी चौघांची अख्खी प्रत काळ्या डब्यात उतरायची आणि तिथून इंटरनेटवरून ओझरच्या दुसऱ्या डब्यात जायची. इथे काही जळलं तरी तिथली प्रत राहावी म्हणून. ओझरचा डबा आमचे मदतनीस संपतभाऊ यांच्या घरी होता, त्यांच्या आई धोंडाबाईंच्या राखणीत.

भाऊबीजेला प्रयोगशाळा बंद होती. विजेच्या डीपीवरची न्यूट्रलची तार तुटली, दोनशे तीसच्या जागी चारशे व्होल्ट आले आणि तिन्ही यंत्रं जळाली. मीटर कपाटात होता म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी पिंपरी पेंढारहून भागुजी आले. त्यांच्या विहिरीशेजारून एका कारखान्याचा नाला जातो. अकरा वर्षं, वर्षातून चार वेळा, ते विहिरीचं पाणी तपासायला आणतात. सोमवारी त्या कारखान्याविरुद्धच्या त्यांच्या तक्रारीची पुढची सुनावणी होती.

"मागल्या सुनावणीला सायबांनी छापील कागद बाजूला सारलं," ते म्हणाले. "म्हनं कागद काय, कवाबी छापता येतो. मीटरनं त्या दिशी काय लिवलं ते दावा."

"ते जुन्या संगणकात होतं, काका."

"व्हतं म्हंजी?"

ओझरची प्रत आणायला मी संपतभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसले.

ओझरला डब्यावर झेंडूची वाळलेली माळ होती, हळदकुंकू होतं, आणि वायर नीट गुंडाळून वर ठेवलेली होती.

"आजी, हा बंद कधी केला?"

"खंडेनवमीला. त्या दिशी हत्याराला कामाला जुपत्यात व्हय? ट्रॅक्टर, इळा, शिलाई मशीन, समदी पुजली. ह्यालाबी इसावा दिला."

"मग दसऱ्याला परत का नाही लावला?"

"ह्यो संपत म्हनला व्हता, डब्याला हात लावू नगं. म्हून न्हाई लावला."

"आये, वायर काढताना हातच लावला ना?" संपतभाऊ ओरडले.

"ती पूजा व्हती. पूजंला हात लावणं म्हनत न्हाईत."

त्यांच्यावर चिडायचा मला अधिकार नव्हता. प्रत पोहोचली नाही, असे बावीस लाल संदेश माझ्या फोनवर आले होते. नेट गेलं असेल, दिवाळी झाली की बघू, असं मी बावीस वेळा ठरवलं होतं.

डबा आणून मी प्रत उघडली. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळपर्यंतचं सगळं शाबूत होतं. जुन्या संगणकासारखा दुसरा आता बाजारात मिळत नाही, म्हणून तो अख्खाच्या अख्खा माझ्या लॅपटॉपमध्ये आभासी म्हणून उभा केला. त्याचा निळा पडदा, कोपऱ्यातलं चुकलेलं घड्याळ, सगळं तसंच होतं. भागुजींच्या चव्वेचाळीस नोंदींपैकी त्रेचाळीस सापडल्या. शेवटचा नमुना त्यांनी दसऱ्यानंतर बारा दिवसांनी दिला होता.

"नेमका त्योच पायजे," भागुजी म्हणाले. "नाल्याला यंदा फेस आलाय. आधीचं क्षाराचं आकडं दोनाच्या आत, ते बघून त्ये म्हनतील, पाणी तर बरं हाय."

प्रयोगशाळेच्या प्रमुख साधना मॅडमनी फ्रीज उघडला. तपासून उरलेलं पाणी आम्ही फक्त आठवडाभर ठेवतो. ती मुदत उलटून गेली होती. त्यांनी फ्रीज बंद केला.

भागुजी म्हणाले, "माज्या घरी हाय की."

"काय?"

"बाटली. दर येळंला दोन भरतो. एक तुमास्नी, एक मला. तुमचं काई सांडलं-बिंडलं तर? मॅडम, दोन्हीच्या बुचाला पट्टी लावून तुमीच तर तारीख-सही करता. इसरला व्हय?"

मॅडमना आठवलं. शेतकऱ्याची हौस म्हणून त्या करत आल्या होत्या.

"मीटरच्या वाचनावर तारीख आजची पडेल," मी म्हणाले.

"पडू दे. बाटलीवर त्या दिवसाची आहे," मॅडम म्हणाल्या.

तासाभरात बाटली आली. बुचावरची पट्टी अखंड होती. मॅडमनी तिचा फोटो काढला, मग पट्टी फोडली. मी मीटर लॅपटॉपला जोडला, पाणी पंचवीस अंशांवर आणलं आणि क्षारतेची तीन वाचनं घेतली. भागुजींनी खिशातून त्या नमुन्याचा छापील अहवाल काढून टेबलावर उलगडला.

अहवाल: २.८६.

मीटर: २.८७, २.८६, २.८६.