लिंबू-चमचा

आमच्या वाडीत मे महिन्यात मंडळाची पूजा असते. मंडळ मुंबईला कामाला गेलेल्या वाडीकरांचं, वाडी वरंधच्या वरच्या अंगाची. वर्षभर आम्ही इथे राहायचं आणि मेमध्ये चार दिवस येऊन त्यांनी ठरवायचं, मांडव कुठे, भोंगा कुठे, पोरींनी काय खेळायचं. पोरांना डोंगरधाव आणि पोरींना लिंबू-चमचा.

आता लिंबू-चमचा पण कधी ठेवतात ते ऐका. पोरं देवळापासून सुटतात, वर खिंडीपर्यंत जातात, तिथे चांगूआजा कपाळाला गुलाल लावतो आणि तो गुलाल घेऊन खाली येतात. गुलाल नाही तर नंबर नाही. त्यांना यायला वेळ लागतो, तोवर लोक कंटाळतात, म्हणून मधल्या वेळात पोरींना तोंडात चमचे देऊन अंगणात पळवायचं. म्हणजे आमची शर्यत कशाला, तर त्यांच्या शर्यतीत लोकांचा वेळ जावा म्हणून!

मी तालुक्याच्या क्रॉसकंट्रीला पहिली आलेली मुलगी. जिल्ह्याला चौथी. महाडच्या कॉलेजातले भरत सर म्हणाले होते, दहावीनंतर इकडे ये, पुढचं मी बघतो. पण माझे बाबा, मंगेश, मंडळाचे सेक्रेटरी, मुंबईत कुरिअरच्या ऑफिसात असतात. त्यांनी ठरवून टाकलं होतं की जूनपासून मी नालासोपाऱ्याला आत्याकडे राहायचं, कॉलेज करायचं आणि जोडीला पार्लरचा कोर्स. धावणं बंद. त्यांनी मला धावताना एकदाही बघितलेलं नव्हतं. शाळेच्या शर्यती असतात कामाच्या दिवशी, त्यांना सुट्टी कुठली मिळणार? जिल्ह्याला चौथी आले म्हटल्यावर फोनवर म्हणाले, म्हणजे पयल्या तिनात नाय ना? माझं टाळकंच सरकलं होतं.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, मला डोंगरधावेत घ्या. बाबा म्हणाले, नियम हाय. मी विचारलं, कुणी केला? ते म्हणाले, मालोजीकाका अध्यक्ष हायत, त्यांना जाऊन विचार. मालोजीकाका हसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. मला थोपटलेलं अजिबात आवडत नाही.

सकाळी मी ड्रेसखाली ट्रॅकपँट घातली आणि पायात शर्यतीचे बूट. आई मांडवात सरबत ढवळत होती. तिने माझे बूट बघितले. लिंबू-चमच्याला बूट कोण घालतं? तिने माझी ओढणी काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली.

मुंबईहून आलेली पोरं सुटली. मंडळाचे नवे टी-शर्ट, नवे बूट, एकाने तर सुटायच्या आधी सेल्फी काढला. ती डोंगरावर चढणाऱ्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पहिल्या वळणाआड गेली आणि बाबा माइकवर म्हणाले, आता आपल्या वाडीच्या मुली. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. शिट्टी झाली.

शेवटची रेघ शेवग्याच्या झाडापाशी होती. मी चमचा दातात धरून सगळ्यांच्या पुढे रेघ ओलांडली. मग लिंबू मुठीत घेतलं, चमचा टाकला आणि तशीच पुढे पाखाडीला लागले. मागून भोंग्यातून बाबांचा आवाज आला, श्रुतिका, शर्यत संपली, माघारी ये. कुणाची संपली? माझी तर आता सुरू झाली होती.

चढावर पहिली पोरं भेटली ती चालत होती. एक जण दगडावर बसून ओकत होता. कारवीच्या रानात आणखी काही गाठली. मला अडवायचं म्हटलं तरी दम हवा ना. मुंबईतल्या जिमचं सगळं तिथे कळलं. त्यांच्यातला शुभम तेवढा खराच धावत होता, पण तो खिंडीतून गुलाल लावून उतरायला लागला तेव्हा मी शेवटच्या टेपाडावर पोचले होते.

चांगूआजाने ताट हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. त्याने नाही लावला तर खेळ खलास.

"आजा, लाव लवकर."

"मला सांगितलंय, वर येल त्याला लावायचा," तो म्हणाला. "पोरगा का पोरगी, ते काय सांगितलं नाय गो." आणि चांगला चिमूटभर लावला.

उतार माझा. सरपण घेऊन रोज उतरणारीला उतार शिकवायला लागत नाही. सुट्ट्या मुरमावर पाय रोवायचा नसतो, नुसता टेकून सोडायचा असतो. शुभम जिथे रोवत होता तिथे घसरत होता. शेवटच्या वळणावर मी त्याच्या पुढे गेले आणि देवळाच्या अंगणात एकटी आले.

बाबांची रीत अशी की येणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव ते घरासकट पुकारतात. मी आले तेव्हा भोंगा गप्प होता. मी सरळ टेबलापाशी गेले आणि लिंबू त्यांच्यासमोर ठेवलं.

"ही घ्या तुमची शर्यत."

मालोजीकाकांनी निकाल दिला. माझं नाव डोंगरधावेत नव्हतं, म्हणून शुभम पहिला. शुभमने मान खाली घालून ढाल घेतली. मग बाबांनी पुकारलं, लिंबू-चमचा, पहिला नंबर, श्रुतिका. बक्षीस स्टीलचा डबा. मी बसल्या जागची हलले नाही. परत पुकारलं. आई सरबताच्या पातेल्यामागून माझ्याकडेच बघत होती. मी उठून उभी राहिले, पण पुढे गेले नाही.

"मी त्या शर्यतीत नव्हते."

"मग कुठल्या होतीस?" बाबांनी माइकवरच विचारलं. खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं असणार.

"तुमच्या समोरच उतरले ना मी?"

मालोजीकाका म्हणाले, पुढचं नाव घे रे मंगेश. बाबा माझ्या कपाळाकडे बघत राहिले. घामाने गुलाल नाकापर्यंत ओघळला होता. मग त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला.

"डोंगरधाव. पयली. मंगेशची श्रुतिका, वरचं घर."

मालोजीकाकांनी माइक ओढून घेतला, पण भोंग्यातून गेलेलं माघारी थोडंच येतं? ढाल शुभमकडेच राहिली. राहू दे.

संध्याकाळी ओटीवर बाबा मुंबईची बॅग भरत होते. त्या लिंबाने त्यांच्या शर्टाचा खिसा फुगलेला दिसत होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, महाडच्या त्या सरांचं नाव काय बोललीस?

वर्षभरात कितीदा सांगितलं होतं मी ते नाव. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि बुटांतला मुरूम झाडत बसले. परत विचारू देत की.

त्यांनी परत विचारलं.