अठरा पानांची पॉलिसी आणि एक जोडपत्र

मित्रांनो, मी एक जुनी आयुर्विमा पॉलिसी आहे. माझी पाने अठरा. त्यांतले शेवटचे, जिथे स्वतःची सही आहे, तेवढेच माझ्या मालकाने बारा वर्षे वाचले. मी कडवट बोलते असे तुम्हाला वाटेल. वाटू दे.

मला कंपनीने छापले, शिक्के मारले आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या घरी धाडले. त्याने आपली सही कौतुकाने न्याहाळली, "चला, काळजी मिटली!" म्हणाला आणि मला कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली सारले. कसली काळजी मिटली, हे त्या शहाण्याने विचारलेसुद्धा नाही. तो मेला तरच मी त्याच्या बायकोमुलीच्या उपयोगी पडणार होते. तो जगला आणि हातपाय गमावून बसला, तर मी नुसती रद्दी होते.

मला विकणारा एजंट वर्षातून एकदा येई. गल्लीत त्याला 'गोडबोल्या' म्हणत. तो चहा ढोसे, सगळ्यांची तब्येत विचारी आणि निघून जाई. मी काय देते आणि काय देत नाही, हे त्यालाही धड माहीत नव्हते.

मालकाची बायको हाडांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे. एके दिवशी त्या खिडकीशी नवऱ्याच्याच कामावरचा सोबती व्हीलचेअरवरून आला. त्या संध्याकाळी तिने मला बाहेर काढले, चष्मा लावला आणि माझी अठराही पाने वाचली. कठीण शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या.

"अहो, हे तुम्ही गेल्यावरचं आहे," ती म्हणाली. "राहिलात आणि काम करता आलं नाही, तर काय?"

"तोंडातून कधी चांगलं काढू नकोस!" मालक उखडला. लिफ्टच्या वीस मजली खोल पोकळीत, शाफ्टमध्ये, उतरणारा माणूस एका प्रश्नाला घाबरला. मला त्याची लाज वाटली.

पण ती मागे हटली नाही. चालू पॉलिसीला तिचे नवे वर्ष सुरू होताना जादा संरक्षण जोडून घेता येते, त्याला 'रायडर' म्हणतात, हे तिने कंपनीत फोन करून विचारून घेतले. मग गोडबोल्याला बोलावले. त्याने आधी भलताच रायडर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तिने "अपघाती अपंगत्वाचा हवा" असे चारदा सांगितल्यावर त्याने नाइलाजाने तो फॉर्म काढला.

फॉर्मवर प्रश्न होता : कामाचे स्वरूप काय?

"ऑफिसातलं काम, असं लिहा," गोडबोल्या हसत म्हणाला. "हप्ता कमी बसेल. कोण बघायला येतंय?"

आणि मालकाने खरोखर तसे लिहिले! ज्याच्या नखांतले ग्रीस घासूनही निघत नव्हते, तो माणूस एका फटक्यात कारकून झाला. बायकोने फॉर्म ओढून घेतला, ती ओळ खोडली आणि वर लिहिले : 'लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरून दुरुस्ती.'

"इथं सही करा," ती नवऱ्याला म्हणाली.

"वहिनी, तुम्ही उगाच खरं लिहून बसलात," गोडबोल्या कळवळला.

कंपनीने तपासणी मागितली, हप्ता वाढवला. मालक आठवडाभर बायकोशी तुटक बोलत होता. शेवटी रायडर मंजूर झाला आणि माझ्या मागे एक जोडपत्र लागले. तेही त्याने वाचले नाही.

चौदा महिन्यांनी दोर आणि चाक यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला. मनगटापासून काढावा लागला.

कंपनीचा तपासनीस घरी आला. कामाच्या ठिकाणचे कागद आणि फॉर्मवरची ती ओळ त्याने तीन वेळा ताडून पाहिली. बायको समोर उभी होती. "बरोबर आहे," तो म्हणाला आणि ती मटकन खुर्चीत बसली. ती एक ओळ खरी होती म्हणून विम्याचे पैसे मिळाले; मुलीचे शिक्षण थांबले नाही, राहते घर सुटले नाही.

दुसऱ्याच दिवशी गोडबोल्या टपकला. "मीच आग्रह धरला होता!" म्हणाला. मालकाने मान डोलावली. मला दोघांचीही किळस आली.

मग कामावरचे दोघे सोबती भेटायला आले. मालक उशीला टेकून ऐटीत म्हणाला, "माणसानं आधीच विचार करून ठेवावा लागतो."

"मग आम्हालाही सांग," एकाने विचारले. "फॉर्मवर काम काय लिहायचं? नक्की कशाकशाचे पैसे मिळतात?"

मालकाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मला नाही माहीत. मी तर खोटं लिहिलं होतं. हिनं खोडलं." आणि तो पलंगावर सरकला, तिला बसायला जागा करून दिली. तिने चष्मा लावला आणि मला पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मालकही ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा!

मित्रांनो, मला जपून ठेवा, असे मी मुळीच म्हणणार नाही. जपायला काय, झुरळेही मला जपतात. घरी गेलात की आईबाबांना माझ्यासारखा कागद कपाटातून काढायला लावा आणि विचारा, "यात काय लिहिलंय?" ते "तुला काय करायचंय?" म्हणाले, तर समजा, त्यांनाही माहीत नाही. मग तुम्हीच वाचायला लागा.