कॅसलच्या थंडीत सापडलेला कढीपत्ता

मित्रांनो, मी इंग्लंडातल्या मेडनहेडमधल्या एका घरातला म्हातारा कढीपत्ता आहे. माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बावीस वर्षांपूर्वी प्रमोदिनीकाकूंनी मला आणले, तेव्हा मी बोटभर रोप होतो. किचनची खिडकी माझी, खालचा ऊबदार रेडिएटरही माझा. गणपतीला जेवायला आलेला प्रत्येक जण आमटीआधी माझे कौतुक करी आणि जाताना एक डहाळी मागून नेई. मी फुगून जाई.

गेल्या सप्टेंबरात काकू आणि शशीकाका हॉलंडमधला एक जुना कॅसल पाहायला गेले. तिथल्या वनस्पतिबागेत कुंड्यांतली लिंबाची झाडे होती. झाले! घरी आल्यापासून काकूंच्या तोंडी दुसरा विषय नाही.

"अगं आश्लेषा, शंभर वर्षांची झाडं! विंटरभर काचेच्या हॉलमध्ये ठेवतात, हीटिंग ऑलमोस्ट ऑफ. तरी काय फ्रेश दिसतात!" त्या फोनवर मैत्रिणीला सांगत.

फ्रीजवर त्या लिंबांचा फोटो लागला. आम्ही रोज समोरासमोर. फोटोवर जळणारे झाड तुम्ही पाहिले नसेल, पण मी जळलो.

नोव्हेंबरात काकूंनी गार्डन सेंटरमधून लिंबाचे एक झाड आणले आणि आम्हा दोघांना कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या गारठलेल्या काचेच्या खोलीत, नेऊन ठेवले. कॅसलची रीत ना! लिंबू मजेत राहिले. माझी पाने मात्र पिवळी पडून गळाली आणि जानेवारीत माझी नुसती काटकी उरली. शेजारी लिंबाला कळ्या आल्या. कीड लागो मेल्याला, असेच माझ्या मनात आले. खोटे कशाला बोलू?

"हा गेला. ग्रीन बिनमध्ये टाकतो," म्हणत शशीकाकांनी माझी कुंडी उचलली.

"अहो, एक मिनिट!" काकूंनी नखाने माझी साल खरवडली. आत हिरवे होते. त्यांचे डोळे भरून आले. "जिवंत आहे हो! तिकडचं बघून ह्याला थंडीत टाकला, माझीच मिस्टेक."

मी पुन्हा खिडकीत आलो. मार्चमध्ये मला चार पाने फुटली. त्या दिवशी पोहे होते. फोडणी तडतडली, मी वाट पाहत होतो. काकूंनी मला हातही लावला नाही. दुकानातून आणलेल्या पाकिटातली वाळकी पाने घातली.

मित्रांनो, दुसऱ्याची बाग जरूर पाहा, पण घरी येऊन आपल्या झाडाला काय सोसते तेही पाहा. काकू आता पाहतात. माझी चार पाने जपावीत म्हणूनच त्यांनी ते पाकीट आणले, हे मला कळते. तरी त्या पाकिटावर मी अजून जळतो.