एक बिडाचं, एक ॲल्युमिनियमचं

आमच्या घरात तीन वर्षं एकाच गोष्टीवरून भांडण चाललं होतं: पिवळ्या नोव्हाच्या इंजिनावर हेडं कुठली बसवायची. गाडी माझी, बाबांनी मला ठेवलेली. शर्यतीत चालवणारीही मीच. पण हेडं ठरवण्याचा मक्ता माझा नवरा वर्लिन आणि माझा धाकटा भाऊ डॉइल यांनी परस्पर घेतला होता.

ज्यांनी जन्मात बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं इंजिन मोठं, आठ सिलिंडरचं. चार डावीकडे, चार उजवीकडे, आणि प्रत्येक बाजूवर झाकण घातल्यासारखं एक हेड. हवा आत येते ती हेडमधून आणि धूर बाहेर जातो तोही हेडमधूनच. वर्लिनला हवी होती ॲल्युमिनियमची, हलकी, आत मूठ जाईल एवढ्या मोठ्या वाटांची. डॉइलला हवी होती जुनी बिडाची, जाडजूड.

"टर्बो लावतोय ना आपण? तो हवा कोंबूनच भरणार आहे," डॉइल म्हणायचा. "मग वाट कशाला एवढी मोठी? हेड जाड पाहिजे, नाहीतर उचललं जाईल आणि खालचं गॅस्केट फुटेल."

"आणि तुझं ते बिडाचं धूड पुढे लादल्यावर गाडी नाक घासत जाईल त्याचं काय? तू गाडी बांधतोयस की बोटीचा नांगर?"

"दाजी, तुमची हेडं बिअरचे कॅन वितळवून ओतलेली असतात."

दर रविवारी चर्चमधून आलो की जेवणाच्या टेबलावर हाच पाठ. पावावरचा रस्सा गार व्हायचा, मी ओरडायचे, मग दोघं दोन घास खायचे आणि पुन्हा सुरू. माझ्या लग्नाच्या दिवसापासून या दोघांचं कशावरही एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. हवा कशी आहे यावरसुद्धा नाही.

बरं, दोघांनी आपापल्या आवडीची जोडी विकत घेतली होती म्हणे. पण शेडमध्ये बघावं तर बिडाचं एक आणि ॲल्युमिनियमचं एक. डॉइलच्या दुसऱ्या हेडला चीर गेली होती म्हणून ते टल्सा शहरात जोडायला दिलं होतं. वर्लिनचं दुसरं मिझुरीहून निघालं होतं. तीन वर्षं निघालेलंच होतं. मिझुरी आमच्या शेजारी आहे, चंद्रावर नाही.

एरवी मी हेही सोसलं असतं. पण यंदा आमची शर्यतीची पट्टी, दोन गाड्या शेजारी-शेजारी सरळ पळवायचा तो डांबरी तुकडा, विकली गेली. कोंबड्यांची कंपनी तिथे शेडं बांधणार. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, की संपलं. त्याच पट्टीवर बाबांनी मला पहिल्यांदा गिअर टाकायला शिकवलं होतं, आणि मला तिथून अजून एकदाच जायचं होतं. हे मी दोघांना सांगितलंही. दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि शांत डोक्याने हेडांचं ठरवायला म्हणून शर्यतीच्याच आठवड्यात तळ्यावर मासे धरायला निघून गेले.

चर्चच्या जेवणासाठी मला कॅटफिश तळायचे होते, म्हणून मी डॉइलच्या घरी त्याचा मोठा फ्रीझर उघडला. माशांच्या पिशव्या काढल्या, हरणाचं मटण काढलं, आणि तळाशी माझा निळा टॉवेल दिसला. हा टॉवेल मी केव्हापासून शोधत होते. आत काहीतरी जड होतं. उलगडलं तर बिडाचं हेड, तेल चोपडून ठेवलेलं. चीर शोधून सापडेना. त्याच्या कुशीत, त्याच टॉवेलमध्ये, ॲल्युमिनियमचं.

मी त्या फ्रीझरपाशी उभी राहून दोघांना जे काही बोलले ते चर्चच्या स्वयंपाकाआधी बोलायचं नसतं.

आता दोन्ही जोड्या पुऱ्या होत्या, आणि बाकी इंजिन टर्बोसकट केव्हाच तयार होतं. शहाण्या बाईने एक जोडी निवडली असती. पण मी चिडलेली होते आणि त्या दोघांपैकी एकालाही जिंकू द्यायचं नव्हतं. डावीकडे बिडाचं चढवलं, उजवीकडे ॲल्युमिनियमचं. बोल्ट दोन्हींचे सारखेच बसतात. मधल्या सांध्यावर जिथे जुळेना तिथे कानशीने घासलं. बाबांच्या हाताखाली मी इंजिनं बांधलेली आहेत, फक्त अशी अवलक्षणी बांधली नव्हती.

शुक्रवारी दोघं परतले. शेडमध्ये शिरले आणि वर्लिनच्या हातातली माशांची बादली खाली पडली.

"ग्लेना! एका बाजूला बीड आणि एका बाजूला..."

"अगं, असं कुणी करतं का!" डॉइल डोकं धरून खाली बसला. "लोक काय म्हणतील?"

मी निळा टॉवेल इंजिनावर ठेवला.

दोघांनी टॉवेलकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. डॉइल म्हणाला, "मी म्हटलं होतं, दुसरा टॉवेल घ्या."

"का?" मी विचारलं.

वर्लिनने टोपी काढली. "तीन वर्षांपूर्वी शर्यतीत पिस्टन फुटला, चाकाखाली तेल आलं, तू भिंतीवर आदळलीस. दार उघडेना. डॉइल एकीकडून ओढत होता, मी दुसरीकडून. तू आत मान टाकून बसली होतीस, हाकेला ओ देईनास."

"खांद्याचं हाड मोडलं होतं. मेले नव्हते मी."

"आम्हाला काय माहीत?" डॉइल म्हणाला. "म्हणून म्हटलं, हेडंच ठरली नाहीत तर इंजिन होणार नाही. इंजिन झालं नाही तर..."

"म्हणजे आयुष्यात एकदा तुमचं एकमत झालं, आणि तेही माझ्याविरुद्ध!"

मला रडू आलं. रागाचं होतं, पण सगळंच रागाचं नव्हतं. रविवारमागून रविवार हे दोघं टेबलावर भांडत होते आणि मला वाटत होतं की त्यांना माझी पर्वा नाही. मी बाहीने नाक पुसलं. "मी उद्या जाणार. यायचं असेल तर पाने-हत्यारं घेऊन या, नाहीतर कुंपणाबाहेर उभे राहा."

वर्लिन इंजिनाभोवती एक फेरी मारून आला. "ॲल्युमिनियमकडचे बोल्ट किती आवळलेस?" त्याने विचारलं. मग दोघांनी प्रत्येक बोल्ट तपासला, वर्लिनने डॉइलची बाजू, डॉइलने वर्लिनची. माझ्या सीटचे पट्टे तर एवढे ओढून पाहिले की शिवण उसवायची वेळ आली.

शनिवारी माझ्या शेजारच्या रांगेत गावचा दातांचा डॉक्टर होता, कोरी करकरीत गाडी घेऊन. त्याने माझ्या बॉनेटखाली डोकावलं आणि म्हणाला, "ग्लेना, हे काय गं?" मी म्हटलं, "घरातली तडजोड." दिवे हिरवे झाले. टर्बोने शिट्टी धरली, पाठ सीटला चिकटली आणि पिवळी सरळ निघाली. एका रेषेत, बाबा शेजारी बसलेले असताना जायची तशी. भिंत बाजूने आली आणि मागे गेली. मी शेवटपर्यंत पाय उचलला नाही. डॉक्टर जिंकला, जिंको बापडा.

पट्टीच्या टोकाला गाडी थांबवून मी काच खाली केली. दोघं धावत येत होते. आमचा ट्रक सुरुवातीच्या रेषेशी उभा असताना पायी धावत, वर्लिन दुखऱ्या गुडघ्यासकट. डॉइल एका दाराशी पोहोचला, वर्लिन दुसऱ्या. दोन्ही दारं एकदमच उघडली. बॉनेटकडे कुणी पाहिलंही नाही. वर्लिन माझा पट्टा सोडवू लागला, पण बक्कल काही सुटेना.

"विचारा की आता," मी म्हटलं, "कुठलं हेड चांगलं चाललं?"

वर्लिनने वर पाहिलं. डोळे भरलेले. "कुठलं हेड?" तो म्हणाला.